एकट्यानं खेळायच्या गेमला लॉगिन कशाला? पलूसकडच्या मित्राच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

पलूस तालुक्यातल्या एका मित्रानं विचारलंय, थोडक्यात प्रश्न असा: दादा, मी कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे, पगारातनं पैसे बाजूला काढून सेलमध्ये स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, एक कार रेसिंगचा गेम घेतला, एकट्यानंच खेळायचा, ऑनलाइन कुणाशी खेळायचं नाही. घरी ब्रॉडबँड नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड केला. आता प्ले दाबलं की दुसऱ्याच कंपनीचा लाँचर, म्हणजे गेम चालू करून देणारा वेगळा प्रोग्राम, उघडतो, तो अकाउंट मागतो, ओटीपी मागतो, सगळं देऊन शेवटी 'कनेक्शन एरर'. घेऊन आठवडा झाला. शेजारचा पोरगा म्हणतो क्रॅक टाक, म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी. माझा कॉम्प्युटर जुना आहे म्हणून होतंय का, आणि पैसे भरलेला गेम माझा आहे का नाही?

भावा, सगळ्यात आधी पैशाचं बघ, बाकीचं नंतर वाच. स्टीमवर घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी चालवलेला असेल तर पैसे परत मिळतात, कारण काय ते फार विचारत नाहीत. तुझा आठवडा झालाय म्हणजे दिवस आहेत अजून. पण तासांचं नीट बघ, कारण तो दुसरा लाँचर उघडा राहतो ना, 'अपडेटिंग' म्हणून फिरत बसतो, तो वेळसुद्धा स्टीम गेम खेळल्याचा वेळ म्हणूनच मोजतं. पोरं रात्री लाँचर तसाच उघडा ठेवून झोपतात, सकाळी बघतात तर गेमचा एक मिनिट न खेळता सहा तास लागलेले, आणि मग रिफंड नाकारला जातो. तेव्हा आजच्या आज लायब्ररीत जाऊन त्या गेमसमोर किती वेळ दाखवतंय ते बघ, दोन तासाच्या आत असेल तर लाँचरशी मारामारी करत बसू नको, जे काय प्रयोग करायचे ते उरलेल्या मिनिटांत कर आणि नाही जमलं तर सरळ पैसे परत माग.

आता कॉम्प्युटर जुना आहे म्हणून होतंय का. सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, विक्री-दुरुस्ती दोन्ही, आणि ही तक्रार घेऊन येणारी पोरं बरीच असतात, तासगाव, कवठेमहांकाळ, विटा, सगळीकडनं. बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो. पण तीन गोष्टी मी आधी बघतो, त्या तू घरीच बघ, दुकानात सीपीयू आणायची गरज नाही.

पहिली म्हणजे खालच्या कोपऱ्यातली तारीख. खरंच सांगतो, 'कनेक्शन एरर' म्हणून आलेल्या जुन्या डेस्कटॉपमध्ये हे कारण इतक्या वेळा निघतं की मी आल्या आल्या तारीखच बघतो. मदरबोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर २०३२, तो संपला की लाईट गेल्यावर मशीनचं घड्याळ मागं जातं, दहा-पंधरा वर्षं मागचं साल दाखवतं. आता लाँचर जेव्हा त्याच्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा सर्व्हरचं एक सर्टिफिकेट तपासतो, त्याला मुदत असते अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, आणि तुझं मशीन म्हणतंय आज २०१० साल चालू आहे, म्हणजे त्याच्या हिशोबानं ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. मग तो कनेक्शन तोडतो आणि तुला फक्त एरर दाखवतो, खरं कारण सांगत नाही. गावाकडं लाईट सारखी जाते-येते त्यामुळं तिकडच्या मशीनला हे जास्त होतं. सेल किरकोळ किमतीला मिळतो, बदल, तारीख ऑटोमॅटिक वर ठेव.

दुसरी गोष्ट विंडोज कुठली आहे. विंडोज ७ किंवा ८ असेल तर स्टीमनंच १ जानेवारी २०२४ पासून त्याला सपोर्ट बंद केलाय, आणि बाकीचे लाँचर पण तसेच. गेम त्या मशीनवर चालला असता, कालपर्यंत चालतही होता, पण गेमच्या पुढं जो दरवाजा लावलाय तो जुन्या विंडोजवर नीट उघडत नाही. ह्याचा मला मनापासून राग येतो. २०१२-१३ चा गेम, त्याच काळातलं मशीन, दोघांचं एकमेकांशी चांगलं जमतंय, आणि मधला लाँचर म्हणतो नवीन विंडोज टाक. त्या विंडोजला मग रॅम कमी पडते, मग रॅम घ्या, आणि जुनी रॅम बाजारात मिळेना म्हणून शेवटी माणूस बोर्डच बदलतो.

तिसरी, विंडोजच्या युजरचं नाव मराठीत टाइप केलंयस का. काही लाँचर आणि गेम सेव्ह फाइल त्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि देवनागरी अक्षरं आली की अडखळतात. इंग्रजी अक्षरातलं नवीन युजर करून बघ, फाइली तशाच राहतील.

हे तिन्ही बरोबर असूनही एरर येत असेल तर दोष तुझ्याकडं नाही एवढं पक्कं समज, आणि मग हे सगळं असं का बांधलंय ते थोडं समजून घे म्हणजे पुढच्या वेळी पैसे टाकताना फसणार नाहीस.

एका गेमला एकच कुलूप असतं असं नाही. तुझ्याच गेमचं बघ. सर्वात बाहेर स्टीम, तिथं लॉगिन. त्याच्या आत गेम काढणाऱ्या कंपनीचा स्वतःचा लाँचर, त्याचं वेगळं अकाउंट, वेगळा पासवर्ड. त्याच्या आत बऱ्याच मोठ्या गेमना डेन्यूव्हो नावाचं कॉपी रोखणारं कुलूप असतं, ते पहिल्यांदा चालू करताना नेटवरनं परवानगी आणतं आणि मशीनचे महत्त्वाचे पार्ट बदलले किंवा विंडोज नवीन टाकलं की पुन्हा आणायला जातं. आणि सगळ्यात आत काही गेमचं स्वतःचं सर्व्हरचं काम, ज्यात तुझी सेव्ह, म्हणजे गेममध्ये कुठवर पोचलास ती नोंदसुद्धा, तुझ्या हार्ड डिस्कवर नसते, त्यांच्याकडं असते. ह्या चारांपैकी कुठलंही एक बंद असलं की गेम बंद, आणि चौघांपैकी कोण अडलंय हे तुला कुणी नीट सांगत नाही. २०१९ च्या महापुरात मारुती चौक, गणपती पेठ सगळं पाण्यात होतं, नंतर भिजलेली मशीन दुरुस्तीला आली, बोर्ड बदलावे लागले, आणि बोर्ड बदलला की विंडोजचं अॅक्टिव्हेशन परत, गेमचं परत, आणि त्यात घराघरात नेट सुरळीत नाही. ज्याचं आधीच नुकसान झालंय त्याला आपलीच वस्तू परत सिद्ध करून दाखवायला लावणं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

हे असं आजचं नाही. सीडीच्या काळात सीडी घातली, पाकिटावरचा 'की' नंबर टाकला, गेम चालू, एवढंच होतं. २००४ साली हाफ लाइफ २ हा गेम आला तेव्हा दुकानातनं डिस्क घेतली तरी स्टीमवर अकाउंट काढून अॅक्टिव्हेट करावंच लागायचं, तेव्हा जगभर लोकांनी आरडाओरडा केला, आपल्याकडं तर डायल-अप आणि नव्यानंच आलेलं ब्रॉडबँड. पुढं स्टीम सुधारलं, रिफंड आले, ऑफलाइन मोड नीट चालायला लागला, त्याचं श्रेय त्यांना देतोच मी. पण बाकीच्यांनी त्यातलं फक्त कुलूप उचललं, सोय नाही उचलली. २०१० मध्ये युबीसॉफ्ट ह्या गेम कंपनीनं असॅसिन्स क्रीड २ असा काढला की खेळताना मध्येच नेट गेलं तर गेम थांबायचा, एकट्याचा गेम बरं का, आणि निघाल्या निघाल्या त्यांचे सर्व्हर पडले, पैसे देणारी माणसं बाहेर बसली. २०१२ मध्ये डायब्लो ३, पहिल्याच दिवशी 'एरर ३७', एकट्यानं खेळायचं असलं तरी सर्व्हर पाहिजेच. २०१३ मध्ये सिमसिटी, शहर बांधायचा गेम, तो सर्व्हरशिवाय चालूच शकत नाही असं सांगितलं, लोकांचे दिवस वाया गेले, आणि वर्षभरानं २०१४ मध्ये त्याच गेमला ऑफलाइन मोड दिला. म्हणजे चालत होता, चालवायचा नव्हता. माझं मत विचारशील तर 'तांत्रिक गरज' असं कुणी म्हणालं की मला सिमसिटीच आठवतो.

तुझ्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या गेम्स फॉर विंडोज लाइव्हचं. २००७ पासून ती सेवा होती, जीटीए ४, फॉलआउट ३, बॅटमॅनचे गेम, डार्क सोल्सचा पहिला पीसी गेम, अशा चांगल्या चांगल्या गेमना ती जोडलेली होती. गेम चालू केला की त्याचं लॉगिन, त्याचं अपडेट, आणि कितीतरी गेममध्ये सेव्ह त्या प्रोफाइलला बांधलेली, प्रोफाइल गेलं की सेव्ह गेली. २०१३ मध्ये तिचं दुकान बंद केलं, आणि पुढं ती सेवा मरायला टाकली. काही गेमच्या कंपन्यांनी नंतर ते काढून टाकलं, डार्क सोल्समधनं २०१४ ला गेलं, फॉलआउट ३ मधनं २०२१ ला. पण जीटीए ४ चं बघ, २०२० च्या जानेवारीत तो स्टीमवरनं विक्रीतनंच निघाला, कारण त्या सेवेचे नवीन 'की' नंबर मिळायचे बंद झाले. एवढा गाजलेला गेम, आणि किल्ली बनवणाऱ्यानं दुकान बंद केलं म्हणून विकता येईना. मार्चमध्ये परत आला तो ती सेवा काढून, पण त्याबरोबर मल्टिप्लेअरही गेलं. जुनी डिस्क असणारी माणसं अजून माझ्याकडं येतात ती उघडून द्या म्हणून.

आणि तू विचारलंस गेम माझा आहे का, त्याचं खरं उत्तर द क्रू ह्या गेमनं दिलं. तुझ्यासारखाच गाड्यांचा गेम, २०१४ चा. एकट्यानं अख्खी स्टोरी खेळता यायची, पण सर्व्हरला जोडून. ३१ मार्च २०२४ ला युबीसॉफ्टनं सर्व्हर बंद केले, आणि गेम, एकट्याचा भाग धरून, कायमचा गेला. डिस्क असली तरी गेला. वर लोकांच्या अकाउंटमधनं लायसन्ससुद्धा काढून घेतलं. कागदावर बघायला गेलं तर तू गेम घेत नाहीस, वापरायचं लायसन्स घेतोस, आणि ते परत घ्यायचा हक्क त्यांनी अटींमध्ये लिहून ठेवलेला असतो. ही अटींची पानं कुणी वाचत नाही हे त्यांनाही माहितीय. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू, की डिजिटल वस्तू विकताना हे फक्त लायसन्स आहे असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. स्टीमनं त्याआधीच, २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. तुझ्या नजरेतनं सुटली असेल, बारीक असते.

पण लोक गप्प बसले नाहीत, हे पण सांगायला पाहिजे. द क्रूवरनंच रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरनं एप्रिल २०२४ मध्ये 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली, मागणी साधी, सर्व्हर बंद करायचे तर करा पण विकलेला गेम कसातरी चालता ठेवून जा. युरोपात त्यासाठीच्या अर्जावर २०२५ च्या जुलैत १० लाखांच्या वर सह्या झाल्या. आणि हेलडायव्हर्स २ चं आठव, मे २०२४ मध्ये सोनीनं सांगितलं की पीसीवर खेळणाऱ्यांनाही प्लेस्टेशनचं अकाउंट जोडावंच लागेल, कितीतरी देशांत ते अकाउंट काढायचीच सोय नव्हती, लोकांनी स्टीमवर वाईट रिव्ह्यूंचा पाऊस पाडला आणि काही दिवसांत सोनीला माघार घ्यावी लागली. तेव्हा तू गेम परत दे किंवा ठेव, स्टीमवर रिव्ह्यू मात्र लिही, मराठीत लिही, आणि 'लाँचरमुळं चालला नाही' हे स्पष्ट लिही. पुढचा घेणारा तेच बघतो.

ओटीपीचं वेगळं सांगतो कारण ह्यात आपल्याकडची पोरं जास्त अडकतात. अकाउंट काढताना जो हातात असेल तो नंबर देतात, मामाचा, मित्राचा, कुठल्यातरी फुकट आलेल्या सिमचा. सिमचा रिचार्ज संपला, नंबर बंद झाला, की ९० दिवसांनंतर कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. मग तुझ्या गेमचा ओटीपी कुठंतरी जत नाहीतर जळगावच्या माणसाच्या फोनवर जाणार. शक्य तिथं ओटीपी ईमेलवर घे, तो ईमेल स्वतःचा ठेव, त्याचा पासवर्ड वहीत लिहून घरात ठेव, आणि लाँचरनं रिकव्हरी कोड दिले तर तेही त्याच वहीत. अकाउंटकडं दुर्लक्ष झालं तर काय होतं ते माइनक्राफ्टवाल्यांना विचार, तो गेम काढणाऱ्या मोजँग कंपनीची जुनी अकाउंट मायक्रोसॉफ्टवर हलवायची मुदत १९ सप्टेंबर २०२३ ला संपली, ज्यांनी हलवलं नाही त्यांचा विकत घेतलेला गेम गेला. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलीचं असंच झालं होतं दुसऱ्या एका मोठ्या परदेशी कंपनीच्या अकाउंटचं, कंपनीला मेल केले, बिल पाठवलं, प्रत्येक वेळी तेच ठरलेलं मशीनचं उत्तर. पोरगी रडत होती दुकानात. हे लिहिताना पण मला वाईट वाटतंय.

आता गेम ठेवायचाच असेल तर हॉटस्पॉटवर कसं निभवायचं. एकदा चांगल्या नेटवर बसून स्टीम, तो लाँचर आणि गेम तिघंही पूर्ण अपडेट कर, पासवर्ड लक्षात ठेवायची खूण कर, गेम मेन्यूपर्यंत उघडून बंद कर, मग नेट चालू असतानाच स्टीमच्या मेन्यूतनं ऑफलाइन मोडमध्ये जा. दुसऱ्या लाँचरच्या सेटिंगमध्ये पण ऑफलाइन असतं का बघ, बऱ्याच जणांत असतं पण ते एकदा ऑनलाइन लॉगिन झाल्याशिवाय चालत नाही. नंतर नेट काढून एकदा खरंच चालतो का ते करून बघ, त्याशिवाय विश्वास ठेवू नको. आणि प्रत्येक गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट फक्त गेम चालू करताना कर असं ठेव, नाहीतर स्टीम गुपचूप तुझा दिवसाचा डेटा खाऊन टाकतं.

डाउनलोडसाठी तर हॉटस्पॉट वापरूच नको. १०० जीबीचा गेम आणि दिवसाला २ जीबी, हिशोब कर, ५० दिवस झाले. जिथं फाइव्हजी पोचलंय तिथं ठीक, वाडी-वस्तीवर अजून तशी रेंज नाही. त्यापेक्षा ज्या मित्राकडं तोच गेम स्टीमवर आहे त्याच्याकडनं हार्ड डिस्कवर 'स्टीमॲप्स' मधल्या 'कॉमन' मधलं त्या गेमचं फोल्डर आण, आपल्या मशीनमध्ये त्याच जागी ठेव, मग स्टीमवर इन्स्टॉल दाब, ते आधी फाइली तपासतं आणि जे कमी आहे तेवढंच उतरवतं. दोन्ही मशीन एका राउटरवर आणता आली तर त्याहून सोपं, २०२३ पासून स्टीम एका मशीनवरनं दुसऱ्या मशीनवर लोकल नेटवर्कमधनंच गेम उचलतं, लॉगिनपुरतं नेट लागतं. ही चोरी नाही, गेम तुझ्या अकाउंटवर घेतलेला असला तरच चालतो.

क्रॅकचं म्हणशील तर मी दुकानात टाकून देत नाही, आणि तूही टाकू नको. त्या फाइलीतनं पासवर्ड चोरणारे आणि मशीनवर गुपचूप क्रिप्टो मायनिंग करणारे प्रोग्राम आलेले मी काढलेत, आणि ज्या मशीनवर यूपीआय नाही पण ईमेल उघडा आहे तिथं तो ईमेल गेला की सगळं गेलं. पण शेजारच्या पोराचा मुद्दा मला समजतो. पैसे भरणारा लॉगिन करत बसतो आणि न भरणारा आरामात खेळतो, ही परिस्थिती कंपन्यांनी स्वतः केलीय.

पुढचा गेम घेताना स्टीमच्या पानावर उजव्या बाजूच्या पट्टीत बघत जा, दुसऱ्या कंपनीचं अकाउंट लागणार असेल किंवा डेन्यूव्हो असेल तर तिथं वेगळ्या रंगाच्या चौकोनात लिहिलेलं असतं. नंतर पीसीगेमिंगविकी ह्या साइटवर त्या गेमचं नाव टाक, कुठल्या दुकानातल्या कॉपीला कुठलं कुलूप आहे ते तिथं तक्त्यात मिळतं, मी स्वतः गिऱ्हाइकाला गेम सुचवायच्या आधी तेच उघडतो. आणि एकट्यानं खेळायचे गेम शक्यतो जीओजीवर शोध, ते स्टीमसारखंच गेमचं ऑनलाइन दुकान, पण तिथं इन्स्टॉलरची फाइलच उतरवून घेता येते, हार्ड डिस्कवर ठेवली की नेट नसलं, अकाउंट नसलं तरी टाकता येतो. विचर ३, सायबरपंक २०७७ सारखे मोठे गेमही तिथं आहेत. गाड्यांचे गेम तिथं कमी आहेत हे खरं, कारण गाड्यांच्या कंपन्यांचं लायसन्स संपलं की रेसिंगचे गेम विक्रीतनंच काढले जातात, पण शोधलं की काही जुने चांगले मिळतात.

तर आज रात्री आधी तास बघ, मग तारीख बघ. रिफंड टाकलास तर पैसे स्टीम वॉलेटमध्ये घे, लवकर येतात, पण परत स्टीमवरच खर्च करायचे असतील तरच, नाहीतर ज्या मार्गानं भरलेस तिकडंच माग. आणि तारीख मागची निघाली तर सेल बदलून पुन्हा एकदा लाँचर चालवून बघ, तेवढ्यावर सुटलं तर रिफंडची गरजच नाही.